दोन जुळी मॉडेल्स, घ्यायचं एकच: पुढे वाढवता येईल असं कुठलं?

निळीशाई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

घरचा डेस्कटॉप थकलाय. विंडोज ११ त्याच्यावर चढत नाही, कारण प्रोसेसर फार जुना. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. तेव्हा नवीन घेणं आलंच. एकाच कंपनीची दोन मॉडेल्स निवडून ठेवलीत आणि तिथेच गाडी अडलीय. दोन्हींत प्रोसेसर तोच, कोअर आय५-१४४००. किंमतही उन्नीस-बीस.

पहिलं छोटं, आडवं ठेवता येणारं. १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी. दुसरं उभा टॉवर. त्यात ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी, पण माहितीपत्रकात ‘भविष्यातील विस्तारासाठी उत्तम’ असं ठळक अक्षरांत छापलंय. रॅम दोन्हींत डीडीआर५. ग्राफिक कार्ड दोन्हींत नाही.

आज वापर साधाच: ऑफिसची कामं, फोटो, थोडं व्हिडिओ कापणं-जोडणं. मात्र मुलगी ब्लेंडर (त्रिमितीय चित्रं-ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर) शिकतेय आणि वर्षा-दीड वर्षात तिला ग्राफिक कार्ड लागेल असं तिच्या शिकवणाऱ्यांचं म्हणणं. मशीन सहा-सात वर्षं तरी टिकावं ही अपेक्षा.

आज जास्त देणारं घ्यावं, की उद्या जास्त घेऊ शकणारं?

---

पायवाट

छोटं घ्या आणि मोकळ्या व्हा.

माझ्या आजवरच्या चार मशीनचा अनुभव सांगतो. प्रत्येक वेळी ‘पुढे वाढवू’ म्हणून मोठा डबा आणला. चारपैकी तीन डबे मी कधी उघडलेच नाहीत. चौथा उघडला तो धूळ काढायला. दुप्पट रॅम आणि दुप्पट एसएसडी आजच हातात पडतेय, ती सोडून रिकाम्या जागेचे पैसे कशाला भरायचे?

---

चौकस

पायवाट यांच्याशी सहमत. +१

---

जुनाखोका

पायवाट, तुमचे तीन डबे उघडले गेले नाहीत हे खरं, पण तुमच्या घरी ब्लेंडर शिकणारं कुणी होतं का? इथे कार्ड लागणार हे आधीच कळलंय. प्रश्न ‘लागलं तर’ असा नाहीच.

निळीशाईताई, रॅम किती आणि एसएसडी केवढी हे आत्ता बाजूला ठेवा. त्या दोन्ही गोष्टी पाच मिनिटांत बदलतात. मला चार गोष्टी कळवा: मदरबोर्डवर चिपसेट (बोर्डाला काय काय जोडता येईल ते ठरवणारी चिप) कुठला, रॅमचे स्लॉट किती आणि त्यातले भरलेले किती, पॉवर सप्लाय किती वॅटचा, आणि डब्यात कार्ड पूर्ण उंचीचं बसतं की अर्ध्या उंचीचं. विक्रीच्या पानावर यातलं काही सापडणार नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल असतं, दुरुस्तीवाल्यांसाठी काढलेलं. ते उतरवून घ्या. जाहिरात जे लपवते ते मॅन्युअल मुकाट्याने सांगतं.

---

रिकामा_स्लॉट

असेंबल करून घ्या ना सरळ! तयार मशीन घेतंच कोण आजकाल?

---

निळीशाई

@रिकामा_स्लॉट, आम्ही घेतो :) घरात पेचकस धरणारी मी एकटी, आणि बिघडलं तर दारात उभं राहायला कुणीतरी हवं. असेंबलचा विषय इथे नको, प्लीज.

@जुनाखोका, मॅन्युअल सापडलं! १३८ पानं आहेत, आज रात्री बसते.

---

निळीशाई

बसले. कळलं ते असं.

छोट्यात चिपसेट एच६१०. रॅमचे स्लॉट दोन, आणि १६ जीबी म्हणजे ८-८च्या दोन पट्ट्या, म्हणजे दोन्ही स्लॉट भरलेले. पॉवर सप्लाय १८० वॅट. कार्ड अर्ध्या उंचीचंच. एम.२ स्लॉट (एसएसडीसारख्या चपट्या पट्ट्या खोचायचे) दोन आहेत.

टॉवरमध्ये चिपसेट बी७६०. रॅमचे स्लॉट चार, त्यात ८ जीबीची एकच पट्टी. कार्ड पूर्ण उंचीचं बसतं. एम.२ स्लॉट तीन. पॉवर सप्लायपुढे ‘३०० वॅट किंवा ५०० वॅट, मॉडेलनुसार’ असं लिहिलंय. माझ्या मॉडेलमध्ये कुठला हे उमगलं नाही.

---

वॅटमोजणी

सगळा धागा त्या शेवटच्या ओळीत आहे!

हिशेब मांडू. हा प्रोसेसर नावाला ६५ वॅटचा, पण टर्बोत, म्हणजे जोर लावून पळताना, इंटेलच्याच आकड्यांप्रमाणे १४८ वॅटपर्यंत जाऊ शकतो. (तयार मशीनमध्ये कंपन्या तो बऱ्याचदा खाली बांधून ठेवतात, पण धरून चालू.) ब्लेंडर शिकणाऱ्या मुलीला बेताचं कार्ड म्हणजे आरटीएक्स ४०६०सारखं काही, ते ११५ वॅटचं. झाले २६३. पंखे, ड्राइव्ह, बोर्ड, यूएसबीला टोचलेलं सगळं मिळून आणखी ४०-५०. म्हणजे ३०० वॅटचा सप्लाय कागदावरच आडवा झाला. एनव्हीडिया या कार्डासाठी ५५० वॅटचा सप्लाय सुचवते. ते सावधपणे वाढवून सांगितलेलं असतं, चांगला ५०० वॅटचा निभावून नेतो. ३००चा नाही.

वॅट पुरले तरी केबल हवी. कार्ड ज्यात बसतं तो पीसीआय एक्सप्रेस स्लॉट स्वतः जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्यावरचं सगळं आठ पिनांच्या वेगळ्या केबलने येतं, ती १५० वॅटची. ३०० वॅटच्या सप्लायला ही केबल बहुधा नसतेच. मग लोक काय करतात, तर सॅटाच्या, म्हणजे ड्राइव्हसाठीच्या, वीजजोडणीवरून आठ पिन काढणारा स्वस्त अडॅप्टर लावतात. सॅटाच्या त्या जोडणीतून १२ व्होल्टवर साडेचार ॲम्पिअर, म्हणजे ५४ वॅट नेण्याची सोय. त्यातून १५० ओढायला गेलात तर प्लॅस्टिक वितळतं. वितळलेलं मी हातात धरलंय. कृपा करून ते करू नका.

आणि हो, प्रोसेसरजवळही आठ पिनांची एक केबल येते. ती दिसायला सारखी, पण जोडणी उलटी. ती कार्डाला लावायची नाही.

---

चौकस

मग मी माझा +१ मागे घेतो.

---

पायवाट

मी नाही घेत. अर्ध्या उंचीचं आणि केबल न लागणारं कार्ड मिळतं की! आरटीएक्स ३०५०चं ६ जीबीचं रूप ७० वॅटचं आहे, स्लॉटच्याच विजेवर चालतं, आणि अर्ध्या उंचीतही बनतं. छोट्या मशीनमध्ये बसलं, झालं काम.

---

वॅटमोजणी

बसतं, मान्य. पण १८० वॅटमधून ७० कार्डाला गेले की प्रोसेसर आणि बाकी सगळ्याला उरले ११०. रेंडर (दृश्याचं अंतिम चित्र बनवणं) लावलं की प्रोसेसरला लगाम घालूनच चालवावं लागणार. शिवाय त्या चिंचोळ्या डब्यात गरम हवा जाणार कुठे? दोन तास रेंडर चालू राहिलं की पंखे आक्रोश करतील.

---

सावलीत_बसलेला

ब्लेंडरपुरतं बोलतो, तेच माझं रोजचं काम. पायवाट यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. शिकणाऱ्याला ६ जीबी कार्डावर सहा-आठ महिने छान जातात. मॉडेलिंग, साधं टेक्श्चरिंग, एक-दोन पात्रं, सगळं होतं. अडतं कुठे, तर सायकल्समध्ये (ब्लेंडरमधलं रेंडर करणारं इंजिन) आख्खं दृश्य कार्डाच्या स्मृतीत मावावं लागतं. मावलं नाही की संगणकाच्या रॅममधून उसनवारी सुरू होते आणि वेग कोसळतो, किंवा रेंडर सरळ थांबतं. गवत, केस, मोठी टेक्श्चर आली की ६ जीबी बघता बघता भरतात.

म्हणून कार्ड घ्याल तेव्हा वॅटच्या जोडीला त्याची स्मृतीही बघा. आणि आजच घेऊ नका. दीड वर्षाने त्याच पैशात काय मिळेल ते तेव्हा ठरवता येईल. आज फक्त दार उघडं ठेवायचंय.

---

जुनाखोका

सावलीत, नेमकं बोललात. आता छोट्या मशीनच्या रॅमकडे या, तिथे खरी मेख आहे. १६ जीबी ऐकायला भरपूर. पण दोन्ही स्लॉट भरलेत. ३२ करायची वेळ आली की त्या दोन्ही पट्ट्या काढून ठेवायच्या आणि १६च्या दोन नव्या घ्यायच्या. म्हणजे ‘आज जास्त देणारं’ मशीन जे जास्त देतंय, ते उद्या खणात पडणार.

एच६१० हा चिपसेटच मुळात काटकसरीचा. रॅमचे दोनच स्लॉट मिळतात. प्रोसेसर स्वतःच्या चार पीसीआय एक्सप्रेस ४.० वाटा एसएसडीला देऊ शकतो, पण हा चिपसेट त्या बंद ठेवतो. एसएसडी चिपसेटकडून ३.०च्या वाटेने चालते, म्हणजे सेकंदाला साधारण ३,५०० एमबी. बी७६०मध्ये ४.० मिळतं, ७,००० एमबीच्या आसपास. खरं सांगायचं तर रोजच्या कामात हा फरक तुम्हाला जाणवणारही नाही. जुन्या सॅटा एसएसडीचे ५५० एमबीसुद्धा पुष्कळांना पुरतात. मी सांगतोय ते एवढ्यासाठी, की प्रोसेसर तोच असला तरी दोन मशीन सारखी होत नाहीत. बोर्ड बघावा लागतो, आणि बोर्ड बदलता येत नाही.

---

निळीशाई

एम.२ स्लॉट छोट्यात दोन आहेत म्हणाले ना, मग एक तरी मोकळा असेल? निदान एसएसडी वाढेल.

---

जुनाखोका

मॅन्युअलमधलं चित्र बघा. दोनपैकी एकात वायफायचं कार्ड बसलेलं असणार. तो ‘ई’ खाचेचा असतो आणि एसएसडीला ‘एम’ खाच लागते. एकात दुसरं बसत नाही. पत्रकात मात्र दोन्ही ‘एम.२’ म्हणूनच मोजतात. टॉवरच्या तीनमधलाही एक असाच निघेल, म्हणजे एसएसडीला खरे दोन.

---

निळीशाई

अगदी तसंच निघालं! छोट्यात एसएसडीला एकच. म्हणजे तो दोन आकडा फसवाच.

---

दुपारपाखरू

प्रोसेसर बदलण्याचं कुणी बोललंच नाही. सहा-सात वर्षं म्हणताय तर मधे प्रोसेसर बदलून वर जाता येईल का?

---

वॅटमोजणी

या दोन्हींत जवळजवळ नाही. एलजीए १७०० सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) इंटेलने २०२१मध्ये १२व्या पिढीसाठी आणलं, १३वी आणि १४वी त्यातच आली, आणि पुढच्या प्रोसेसरना २०२४मध्ये एलजीए १८५१ हे नवं सॉकेट मिळालं. तुमचा आय५ चौदाव्या पिढीचा, म्हणजे गल्लीच्या टोकाशीच उभे आहात. त्याच पिढीतला आय७ कागदावर बसेल, पण तयार मशीनचा कूलर आणि बोर्डावरचा वीजपुरवठा आय५च्या मापाचा असतो.

सॉकेट टिकण्याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे एएमडीचं एएम४. २०१७मध्ये पहिल्या रायझनसोबत घेतलेल्या पुष्कळ बोर्डांवर २०२२मध्ये नवं बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) चढवून ५००० मालिकेचे रायझन चालले. पाच वर्षांची झेप, त्याच बोर्डावर. एएम५ २०२२मध्ये आलं, त्यालाही कंपनीने बरीच वर्षं देऊ केलीत. पण त्यातही पाचर आहे: नवं बायोस बोर्ड बनवणाऱ्याने द्यावं लागतं, आणि तयार मशीन विकणारे त्या बाबतीत आळशी. म्हणून तयार मशीनमध्ये प्रोसेसर हा लग्नासारखा धरावा, एकदाच.

---

पायवाट

लग्नाचं उदाहरण कुणाला विचारून दिलंत? :)

---

जुनाखोका

अवांतर होईल, पण राहवत नाही. हा वाद संगणकाइतकाच जुना आहे. १९७७च्या ॲपल-२मध्ये आठ स्लॉट होते, आणि त्याच कंपनीने १९८४मध्ये पहिला मॅकिंटॉश काढला तो एकही स्लॉट नसलेला. १९८७मध्ये कमोडोरने तर दोन्ही तऱ्हा एकदमच आणल्या. अमिगा ५०० आणि अमिगा २०००. प्रोसेसर तोच ६८०००, ग्राफिक आणि आवाजाच्या चिपा एकाच घराण्याच्या, सॉफ्टवेअर तेच. ५०० म्हणजे कीबोर्डच्या पोटातच आख्खा संगणक. खाली एक झडप, तिच्यात ५१२ केबी रॅमचं कार्ड सरकवायचं, आणि बाजूला एक जोडणी. २००० म्हणजे मोठा डबा, आत स्लॉटच स्लॉट.

पायवाट, तुमच्या बाजूचं आहे म्हणून सांगतो: घरोघरी पोचला तो ५००. तो सगळ्या अमिगांत जास्त विकला गेला. पण व्हिडिओचं काम करणाऱ्यांनी २०००च घेतला, कारण त्यात बसणारं कार्ड ५००मध्ये बसणार नव्हतं.

---

पायवाट

हे छान. म्हणजे ताई, तुमच्या घरी दोन्ही गिऱ्हाइकं आहेत. तुमचं काम ५००वाल्यांचं आणि मुलीचं २०००वाल्यांचं.

बरं, मी मत बदलतो, पण एका अटीवर. ५०० वॅटवालं मॉडेल मिळालं तरच टॉवर. ३०० वॅटचा टॉवर म्हणजे मोठ्या डब्यातलं छोटं मशीनच. त्यापेक्षा खरं छोटं बरं, रॅम तरी जास्त.

---

रिकामा_स्लॉट

३००चा काढून ५००चा सप्लाय लावायचा. अर्ध्या तासाचं काम, त्याला एवढा काथ्याकूट कशाला?

---

वॅटमोजणी

बोर्डाला नेहमीची २४ पिनांची जोडणी असेल तर नक्की. पण पुष्कळ तयार मशीनमध्ये सप्लाय फक्त १२ व्होल्ट देतो, बोर्डावर दहा पिनांची किंवा कंपनीची स्वतःची जोडणी असते, आणि सप्लायचा आकारही वेगळा. बाजारातला कुठलाही आणून लावता येत नाही. अशा मशीनमध्ये ड्राइव्हला वीजही बोर्डातून निघणाऱ्या दोन बारीक तारांनी मिळते, म्हणजे तिसरी हार्ड डिस्क जोडायची सोयच नाही. ताई, मॅन्युअलमध्ये बोर्डाचं चित्र काय म्हणतं?

---

निळीशाई

दहा पिना. मोजल्या, परत मोजल्या.

आज जाऊन नमुन्याच्या मशीनचं झाकण उघडून बघितलं. विक्रेता आधी टाळत होता. मी मॅन्युअलचं ४१वं पान मोबाइलवर दाखवलं तेव्हा स्वतःच स्क्रू काढायला बसला. नमुना ३०० वॅटचाच निघाला. मोठ्या डब्यात एवढीशी पेटी, आणि कार्डासाठी एकही केबल नाही. ‘विस्तारासाठी उत्तम’ म्हणे!

मग त्याने यादी धुंडाळली. ५०० वॅटवालं मॉडेल आहे, क्रमांकाचं शेवटचं अक्षर तेवढं वेगळं. बाकी सगळं तेच, पण आठ पिनांची केबल आतच गुंडाळून ठेवलेली असते. मागवावं लागेल, दहा दिवस. फरक पडतोय तो जेमतेम एका रॅमच्या पट्टीएवढा.

---

जुनाखोका

थांबा दहा दिवस. आणि पावतीवर ते शेवटचं अक्षर लिहून घ्या. खोक्यावरचंही जुळवून बघा.

---

दुपारपाखरू

८ जीबीत भागेल का पण? आणि एकच पट्टी आहे, म्हणजे सिंगल चॅनल.

---

वॅटमोजणी

नाही भागणार. विंडोज ११ ४ जीबीत बसतं असं मायक्रोसॉफ्ट म्हणते, आणि तेवढ्यात ते खरोखर फक्त बसतंच, उठत नाही. शिवाय कार्ड येईपर्यंत चित्र काढणार प्रोसेसरमधलं ग्राफिक, आणि ते याच रॅममधून खातं. एका पट्टीवर त्याला निम्माच रुंद रस्ता मिळतो. (डीडीआर५च्या एका पट्टीत दोन उपवाहिन्या असतात म्हणून ‘एक पट्टी म्हणजेच ड्युअल चॅनल’ असं सांगणारे भेटतील. रस्ता तरीही निम्माच.)

तेव्हा लगेच दुसरी पट्टी घ्या. ८ घेतली तर १६, रस्ता पूर्ण रुंद. १६ घेतली तर २४. त्यात पहिले १६ जीबी दुहेरी वाटेने चालतात आणि उरलेले ८ एकेरी. इंटेलची ती सोय जुनी आहे आणि बिनबोभाट चालते.

---

सावलीत_बसलेला

२४ करा. ब्लेंडर आणि ब्राउझर एकत्र उघडे राहतात, तेव्हा हायसं वाटतं.

---

रिकामा_स्लॉट

चार स्लॉट आहेत तर चारही भरून टाका!

---

वॅटमोजणी

डीडीआर५ला चार पट्ट्या झेपत नाहीत अशातला भाग नाही, पण वेग उतरतो. रायझन ७०००चेच अधिकृत आकडे बघा: दोन पट्ट्यांवर ५२००, चारांवर ३६००. इंटेलमध्येही उतरतो. चार स्लॉट म्हणजे अडीनडीची सोय. पुढे ४८ किंवा ६४ हवेच असतील तर मोठ्या दोन पट्ट्याच बऱ्या.

---

चौकस

वाचनखूण साठवली. मला फक्त टीव्हीला जोडायला मशीन हवंय, मी छोटंच घेतो. हा +१ परत पायवाट यांना.

---

निळीशाई

आलं! अक्षर जुळवून घेतलं. झाकण मी आणि लेकीने मिळून उघडलं. १६ची पट्टी टाकली, २४ जीबी दिसतायत. आठ पिनांची केबल एका पिशवीत, रबर लावून ठेवलेली. लेकीने तिचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवला, कशासाठी ते तिलाच ठाऊक.

एक शंका. जुन्या मशीनमधली एम.२ एसएसडी दुसऱ्या स्लॉटमध्ये घालायला गेले तर ती सपाट बसतच नाही, शेपूट वर उभं राहतं. स्लॉट बिघडलाय का?

---

जुनाखोका

बिघडलेला नाही. शेपूट स्क्रूने दाबून बसवायचं असतं. स्प्रिंगसारखी वर येते ती बरोबरच आहे. स्लॉटच्या दुसऱ्या टोकाला पितळी खुंटी आहे का बघा, आणि तिच्यात बारीक स्क्रू.

---

निळीशाई

खुंटी आहे. स्क्रू नाही. पिशवीत, खोक्यात, खोक्याच्या थर्माकोलमध्ये, सगळीकडे बघितलं.

---

वॅटमोजणी

स्क्रू देत नाहीत कंपन्या! एम२ मापाचा (म्हणजे २ मिलिमीटर जाडीचा), ३ मिलिमीटर लांबीचा. जुन्या मशीनमध्ये एसएसडीला लावलेला होता ना, तोच बहुधा बसेल.

---

निळीशाई

तो लेकीने काढताना टेबलाखाली पाडलाय. दोघी टॉर्च घेऊन शोधतोय.

---

निळीशाई

सापडला! स्पीकरच्या मागच्या चुंबकाला चिकटून बसला होता.